स्फुरद गेला कुठे? शैवालाला आवर घालणाऱ्या तंत्रांची परीक्षा घेताना

मूल्यमापन समितीवर माझी नेमणूक झाली, तेव्हा आमच्यापुढे नऊ प्रस्ताव होते आणि त्यांतील बहुतेकांच्या पहिल्या पानावर दोन छायाचित्रे शेजारीशेजारी छापलेली होती: एकात हिरव्या सायीने झाकलेले पाणी, दुसऱ्यात तेच पाणी नितळ झालेले. पिण्याच्या पाण्याचा एक जलाशय दरवर्षी उन्हाळ्यात नील-हरित शैवालाने भरून जात होता, जलशुद्धीकरण केंद्राच्या गाळण्या तुंबत होत्या, पाण्याला मातकट वास येत होता आणि विषाच्या चाचण्यांचे आकडे वर चढत होते. या नऊ तंत्रांपैकी कोणते खरोखर उपयोगी पडेल हे दोन हंगामांत तपासून सांगावे, एवढेच काम आमच्याकडे होते. मी पाण्याच्या रसायनशास्त्रात काम करते. समितीत माझ्यासोबत एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाई, एक जलवैज्ञानिक, शुद्धीकरण केंद्र चालवणारे एक अनुभवी अभियंता आणि एक संख्याशास्त्रज्ञ होते.

त्या छायाचित्रांपासूनच आमच्या चर्चेला सुरुवात झाली. गोड्या पाण्यात सर्वाधिक त्रास देणाऱ्या शैवालांपैकी मायक्रोसिस्टिस हे एक, आणि त्याच्या पेशींमध्ये वायूने भरलेल्या अतिसूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांच्या बळावर हे शैवाल पाण्यात वरखाली करते. वारा पडला की ते पृष्ठभागावर येऊन दाट थर धरते आणि वारा सुटला की तोच थर एका किनाऱ्याला जाऊन साचतो, नाहीतर पाण्यात खोलवर मिसळून दिसेनासा होतो. (शास्त्रीय वर्गीकरणाने हे शैवाल नव्हे, जिवाणू आहेत, पण ‘नील-हरित शैवाल’ हेच नाव रूढ असल्यामुळे मीही तेच वापरते.) म्हणजे सकाळी काढलेले छायाचित्र आणि दुपारी काढलेले छायाचित्र यांत जमीनअस्मानाचा फरक पडू शकतो, आणि तो पडायला कोणत्याही तंत्राची गरज नसते. म्हणून आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवले की पृष्ठभागावरून बाटली भरून घेतलेला एकही नमुना ग्राह्य धरायचा नाही. लांब नळी पाण्यात सरळ उभी सोडायची, वरचे तोंड बुचाने बंद करायचे आणि नळीतला पाण्याचा पूर्ण स्तंभ उचलून एकत्र ढवळायचा. हे काम संथ आणि दमवणारे असते, परंतु पाण्यात शैवाल एकूण किती आहे ते त्याखेरीज कळत नाही.

दुसरा निर्णय माझ्या आग्रहावरून झाला आणि पुढे तोच आमच्या सगळ्या कामाचा कणा ठरला. प्रत्येक प्रस्तावकाला आम्ही एकच प्रश्न लेखी विचारला: तुमचे तंत्र वापरल्यानंतर पाण्यातला स्फुरद (फॉस्फरस) कुठे जातो? शैवाल मरते का, पाणी स्वच्छ दिसते का, हे प्रश्न आम्ही त्याच्या नंतर ठेवले. त्यामागे कारण होते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ‘सरोवर क्रमांक २२६’ या लहानशा सरोवराच्या मधोमध पडदा लावून १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे दोन भाग केले होते. एका भागात त्यांनी कर्ब आणि नत्र घातले, दुसऱ्या भागात कर्ब, नत्र आणि स्फुरद घातले. स्फुरद घातलेला भाग नील-हरित शैवालाने भरून गेला आणि पडद्यापलीकडचा भाग तसाच राहिला. नत्राचे महत्त्व त्यामुळे संपत नाही. मायक्रोसिस्टिसला हवेतला नत्र बांधून घेता येत नाही आणि कित्येक जलाशयांत नत्रही आवरावा लागतो. पण गोड्या पाण्यात स्फुरद हा मुख्य लगाम आहे, आणि तो वायू होऊन हवेत निघून जाऊ शकत नाही. पाण्यातून नाहीसा झालेला स्फुरद एकतर तळाच्या गाळात गेलेला असतो, नाहीतर एखाद्या जीवाच्या शरीरात, नाहीतर कोणीतरी तो जलाशयाबाहेर काढलेला असतो. यांपैकी काय घडले ते सांगता येत नसेल, तर त्या तंत्राने किती काम केले तेही सांगता येत नाही.

पाणी नितळ झाले म्हणजे धोका टळला, हा समज किती महागात पडतो याची एक घटना मी समितीपुढे मांडली. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळच्या पाम बेटावर १९७९ साली धरणाच्या पाण्यात शैवाल माजले, म्हणून त्यात मोरचूद टाकण्यात आला. शैवाल मेले, परंतु त्यानंतर काही दिवसांतच यकृताला आणि आतड्यांना इजा झालेले सुमारे दीडशे लोक रुग्णालयात दाखल झाले आणि त्यांत बहुतेक लहान मुले होती. पेशी जिवंत असताना बरेचसे विष पेशीच्या आत असते; मोरचुदाने पेशी फुटल्या की ते पाण्यात मिसळते आणि मग साध्या गाळणीने अडत नाही. अमेरिकेतील टोलेडो शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवरातल्या शैवालाचे विष शुद्ध केलेल्या पाण्यात आढळले आणि चार ते पाच लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. पाणी उकळूनही उपयोग नव्हता, कारण उकळल्याने मायक्रोसिस्टिन नावाचे हे विष नष्ट होत नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. पिण्याच्या पाण्यात या विषाच्या मायक्रोसिस्टिन-एलआर या प्रकारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने दिलेले मार्गदर्शक मूल्य लिटरमागे १ मायक्रोग्रॅम आहे. त्यामुळे प्रत्येक चाचणीत आम्ही विष दोनदा मोजायचे ठरवले: एकदा गाळलेल्या पाण्यात, म्हणजे पेशीबाहेरचे, आणि एकदा नमुना तीन वेळा गोठवून-वितळवून पेशी फोडल्यानंतर, म्हणजे एकूण. एकूण विष तेवढेच राहून पेशीबाहेरचे वाढत असेल, तर ते तंत्र पिण्याच्या पाण्याच्या दृष्टीने घातक आहे.

तंत्रे तपासण्यापूर्वी जलाशयाचा स्वतःचा जमाखर्च मांडणे भाग होते. ओढ्यांतून वर्षभरात किती स्फुरद येतो, सांडव्यातून किती जातो आणि तळातून किती वर येतो, हे कळल्याशिवाय औषध कुठे लावायचे तेच कळत नव्हते. ओढ्याचे नमुने आठवड्यातून एकदा घेण्याची पद्धत पूर्वीपासून चालत आली होती आणि ते आकडे दिसायला बेताचे होते. आमच्या जलवैज्ञानिकाने त्यावर बोट ठेवले: आठवड्यातून एकदा जाणारा माणूस बहुधा कोरड्या दिवशी जातो. म्हणून पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री आम्ही दोघे ओढ्याच्या मुखाशी थांबलो आणि दर अर्ध्या तासाने बाटली भरत गेलो. पहिल्या तासात पाणी जेमतेम चढले होते, पण बाटलीतला रंग चहासारखा झाला. तिसऱ्या बाटलीत हाताला चिकट लागणारा बारीक गाळ होता. प्रयोगशाळेत त्या बाटल्यांचे पाचन करून मॉलिब्डेनमची निळी छटा (स्फुरद जितका जास्त, तितकी ती गडद) पाहिली, तेव्हा कोरड्या दिवसाच्या नमुन्यांची छटा त्यांच्यापुढे जवळजवळ रंगहीन वाटत होती. वर्षभराच्या आवकेतला मोठा हिस्सा मोजक्या पावसाळी तासांत येत होता, आणि आठवड्याच्या नमुन्यांत तो सापडणे शक्यच नव्हते.

तळाकडून येणारा हिस्सा शोधण्यासाठी आम्ही पारदर्शक नळ्या गाळात खुपसून गाळाचे अख्खे स्तंभ, वरच्या पाण्यासकट, उचलून आणले. हे काम मला फार आवडते. नळी उजेडात धरली की गाळाच्या माथ्यावर काही मिलिमीटर जाडीचा तांबूस-तपकिरी थर दिसतो आणि त्याखाली काळा, सडक्या अंड्यांचा वास येणारा चिखल असतो. तो तांबूस थर लोहाचा असतो आणि त्याने स्फुरद धरून ठेवलेला असतो. अर्ध्या नळ्यांतून आम्ही हवा सोडत राहिलो आणि उरलेल्या अर्ध्यांतून नत्रवायू सोडून पाण्यातला प्राणवायू घालवला. प्राणवायू गेलेल्या नळ्यांत आठवड्याभरात तो तांबूस थर विरत गेला, गाळ माथ्यापर्यंत काळा झाला आणि वरच्या पाण्यातला विरघळलेला स्फुरद दिवसागणिक वाढू लागला. इंग्लंडमधील सरोवरांवर काम करताना क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी १९४१-४२ सालीच हे मांडून ठेवले आहे; पण ज्या पाण्याची आपल्यावर जबाबदारी आहे, त्याच पाण्यात ते घडताना पाहिले की त्याचे गांभीर्य वेगळेच जाणवते. उन्हाळ्यात खोल पाण्यातला प्राणवायू संपला की हा जलाशय आपल्या जुन्या साठ्यातून स्वतःलाच खतपाणी घालत होता.

हा जमाखर्च हाती आल्यावर नऊपैकी तीन प्रस्ताव कागदावरच मागे पडले. दोघांनी आमच्या प्रश्नाला उत्तर देताना ‘सूक्ष्मजीव पोषकद्रव्ये खाऊन टाकतात’ एवढेच लिहिले होते. खाल्लेला स्फुरद त्या सूक्ष्मजीवांच्या शरीरात राहतो आणि ते मेले की पुन्हा पाण्यात येतो, त्यामुळे पुढची पायरी सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरे होत नाही. आम्ही खुलासा मागवला; तो आला नाही. तिसरा प्रस्ताव फक्त नायट्रेटसाठी होता आणि त्याची जागा जलाशयाच्या वर, ओढ्याच्या खोऱ्यात होती. तो आम्ही नाकारला नाही, ओढ्याच्या भागासाठी बाजूला ठेवला.

उरलेल्यांपैकी दोन तंत्रे स्फुरद बांधून तळाशी नेणारी होती. एक तुरटीच्या कुळातले, म्हणजे ॲल्युमिनियमचे क्षार. दुसरे लॅन्थॅनम हा धातू मिसळलेली बेंटोनाइट माती, जी १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत विकसित झाली. ॲल्युमिनियमने धरलेला स्फुरद प्राणवायू संपला तरी सुटत नाही, हा लोहाच्या तुलनेत त्याचा मोठा गुण आहे. लॅन्थॅनमचेही तसेच; मात्र साधारण १ किलो स्फुरद बांधायला १०० किलो माती लागते, त्यामुळे मात्रेचा हिशेब चोख ठेवावा लागतो. या दोन्हींची परीक्षा आम्ही आधी काचपात्रांत घेतली: ओळीने सहा पात्रे, वर एकाच वेगाने फिरणारी पाती, प्रत्येक पात्रात वेगळी मात्रा.

इथे माझ्या हातून एक चूक झाली आणि ती सविस्तर सांगायला हवी, कारण ती कोणाच्याही हातून होऊ शकते. पाण्याचे डबे आम्ही दुपारी भरून आणत असू आणि चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी करत असू. तुरटीने सुरेख काम केले. ढवळणे थांबताच बर्फाच्या भुग्यासारखे पुंजके तयार होऊन सावकाश खाली बसले आणि वरच्या पाण्यात स्फुरद जेमतेम उरला. मी समाधानाने आकडे पाठवले. अभियंत्यांनी ते पाहून एकच प्रश्न विचारला, “मॅडम, चाचणीच्या वेळी सामू किती होता?” पात्रातला सामू (पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा) तुरटी घालण्यापूर्वी आठाच्या खाली होता. जलाशयावर त्याच पाण्याचा दुपारचा सामू नऊच्या वर होता. दाट शैवाल दिवसभर प्रकाशसंश्लेषण करून पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि सामू चढतो; डबा रात्रभर अंधारात राहिला की श्वसनामुळे तो पुन्हा उतरतो. मी दुपारच्या पाण्यासाठी पहाटेचे पाणी तपासत होते. सामू खूप चढलेला असेल तर ॲल्युमिनियमचे पुंजके नीट बनत नाहीत, काही अंशी विरघळून जातात. आणि तुरटी जास्त पडून सामू फार उतरला तर माशांना घातक असे विरघळलेले ॲल्युमिनियम पाण्यात राहते. सामू ६ ते ८ च्या दरम्यान राहिला तरच हे तंत्र सुरक्षित असते. आम्ही सगळ्या चाचण्या जलाशयाच्या काठावर, ताज्या पाण्यावर, दिवसाच्या तीन वेगवेगळ्या वेळी पुन्हा केल्या. दुपारचे निकाल सकाळच्यापेक्षा स्पष्टपणे कमी भरले. लॅन्थॅनमच्या मातीलाही आमच्या पाण्यात अडचण आली. पाण्यातली कुजलेल्या पालापाचोळ्याची सेंद्रिय आम्ले लॅन्थॅनमला आधीच गाठत होती आणि शुद्ध पाण्यात मोजलेली बांधण्याची क्षमता इथे दिसत नव्हती. प्रस्तावकांनी दिलेले आकडे खोटे नव्हते. ते स्वच्छ पाण्याचे होते, एवढेच.

त्यानंतर खऱ्या जलाशयातल्या चाचण्या सुरू झाल्या. तळापासून पृष्ठभागापर्यंत पोहोचणारे, गोल पडद्यांचे बारा कप्पे आम्ही उभे केले. त्यांचा खालचा काठ गाळात रुतवलेला होता, म्हणजे तळाशी असलेला संबंध तुटू नये. तुरटी, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि शैवालावर ध्वनिलहरी सोडणारे उपकरण या तीन तंत्रांना प्रत्येकी तीन कप्पे दिले आणि तीन कप्प्यांत काहीच करायचे नव्हते. त्यांना आम्ही कोरे कप्पे म्हणू लागलो. कोणता नमुना कोणत्या कप्प्यातला आहे हे फक्त संख्याशास्त्रज्ञाला ठाऊक होते. कप्प्यांची निवड चिठ्ठ्या टाकून झाली आणि प्रयोगशाळेत नमुने आकड्यांच्या खुणा लावूनच येत. एका प्रस्तावकाच्या प्रतिनिधींना हे फार खटकले. “कोऱ्या कप्प्यांवर तुम्ही चाचणीचा चौथा हिस्सा घालवताय. त्याऐवजी आम्हाला जास्त कप्पे द्या, आकडे अधिक पक्के येतील,” असे त्यांचे म्हणणे होते. आमच्या संख्याशास्त्रज्ञाने शांतपणे सांगितले, “तुमच्या कप्प्यात जे घडेल ते तुमच्यामुळे घडले, हे सिद्ध करायला तुम्हालाच त्या तीन कप्प्यांची गरज लागेल.”

ती गरज तिसऱ्या आठवड्यात भासली, पण वेगळ्या अर्थाने. सकाळी नावेतून आम्ही कप्प्यांपाशी पोहोचलो तेव्हा ध्वनिलहरींचे उपकरण लावलेले तिन्ही कप्पे स्वच्छ होते. पाण्याची पारदर्शकता मोजणारी सेक्कीची पांढरी-काळी तबकडी आदल्या आठवड्यात हातभर खोलीवर दिसेनाशी होत होती, ती आता कितीतरी खालपर्यंत दिसत होती. प्रतिनिधी नावेतच होते, त्यांचा आनंद साहजिक होता. मग नाव पुढे सरकली आणि कोऱ्या कप्प्यांपाशी थांबली. तिथेही तबकडी तितकीच खोल दिसत होती. चार दिवस ढगाळ आणि वादळी गेले होते, पाण्याचे तापमान उतरले होते आणि शैवालाचा तो भर आपोआप ओसरला होता. शैवाल असे ओसरतेच: कधी ऊन कमी पडून, कधी पोषण संपून, कधी विषाणूंच्या संसर्गाने. कोरे कप्पे नसते, तर त्या दिवशी आम्ही पाचही जणांनी त्या उपकरणाच्या बाजूने प्रामाणिकपणे सही केली असती. नावेतून परतताना कोणी फारसे बोलले नाही. पहिल्या दिवशी पाहिलेल्या त्या छायाचित्रांच्या जोड्यांपैकी किती अशाच एखाद्या ढगाळ आठवड्याने दिल्या असतील, हा विचार माझ्या मनातून जात नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही ती फेरी पुन्हा घेतली. या वेळी आणखी एक सुधारणा केली होती. पडद्यांच्या आतल्या बाजूला शेवाळ चिकटते आणि ते पाण्यातला स्फुरद शोषून घेते, त्यामुळे कप्प्यातले पाणी जलाशयापेक्षा लवकर सुधारल्यासारखे दिसते. म्हणून दर आठवड्याला पडदे आतून घासायचे आणि निघालेले शेवाळ वजन करून हिशेबात धरायचे ठरले. दुसऱ्या वर्षी भर टिकून राहिला आणि निकाल स्पष्ट मिळाले. ध्वनिलहरींच्या कप्प्यांत आणि कोऱ्या कप्प्यांत क्लोरोफिलचा (शैवालाचे प्रमाण ज्यावरून कळते त्या हिरव्या रंगद्रव्याचा) फरक आमच्या मोजणीच्या चुकीच्या मर्यादेपलीकडे गेला नाही. आमच्या पाण्यात, त्या उपकरणाच्या त्या ताकदीला, परिणाम दिसला नाही. आम्ही अहवालात एवढेच लिहिले.

हायड्रोजन पेरॉक्साइडचे कप्पे मात्र पाहण्यासारखे होते. नील-हरित शैवाल पेरॉक्साइडला हिरव्या शैवालापेक्षा आणि सूक्ष्म प्राण्यांपेक्षा खूपच अधिक संवेदनशील असते, आणि पेरॉक्साइडचे शेवटी पाणी व प्राणवायू यांतच विघटन होते, म्हणून मागे काही उरत नाही. नेदरलँड्समधील कूट्सहाउस सरोवरात २००९ साली लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम एवढ्या मात्रेने शैवालाचा भर काही दिवसांत कोसळला होता आणि कित्येक आठवडे परत आला नव्हता. आमच्याकडेही तिसऱ्या दिवशी पाण्याचा हिरवा रंग फिकट पिवळसर झाला आणि सूक्ष्मदर्शकाखाली मायक्रोसिस्टिसच्या वसाहती विस्कटलेल्या, रंग उडालेल्या दिसल्या. पण पहिल्या तीन दिवसांत पेशीबाहेरचे विष वाढले, आणि ते उतरायला आणखी काही दिवस गेले. शिवाय मेलेल्या पेशींतून सुटलेला स्फुरद पाण्यातच राहिला. काही आठवड्यांनी भर पुन्हा चढू लागला, आणि आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने त्याचे कारण उघड होते: स्फुरद कुठेच गेला नव्हता. पाणी उचलण्याचे काम काही दिवस थांबवता येत असेल, तर आणीबाणीतला उपाय म्हणून हे तंत्र मोलाचे आहे, असे माझे मत आहे. दरवर्षी करायचा उपाय म्हणून नाही.

तुरटीच्या कप्प्यांनी सर्वांत शांतपणे काम केले. तिथले पाणी एकदम नितळ झाले नाही. पण भर सुरू होण्यापूर्वी, सामू उतरलेला असताना, मोजून मात्रा दिली होती आणि तळाच्या गाळावर पुंजक्यांचा पातळ पांढुरका थर बसला होता. प्राणवायू संपल्यानंतर कोऱ्या कप्प्यांच्या तळाशी विरघळलेला स्फुरद वाढत गेला, इथे तो जागचा हलला नाही. स्फुरद कुठे गेला, याचे उत्तर आम्हाला या तीन कप्प्यांतून उपसलेल्या गाळाच्या नळ्यांत मिळाले. ॲल्युमिनियमशी बांधलेला वाटा तिथे वेगळा मोजता आला आणि तो पाण्यातून कमी झालेल्या आकड्याशी जवळजवळ जुळला. दोन्ही बाजू जुळलेला तो हिशेब मी अजून जपून ठेवला आहे.

उरलेल्या दोन तंत्रांवर मी थोडक्यात लिहिते, कारण त्यांचा निर्णय मुख्यतः आकडेमोडीतच झाला. तरंगत्या वाफ्यांवर वनस्पती लावून पोषकद्रव्ये शोषून घेण्याची कल्पना सुंदर आहे आणि त्यांच्या मुळांशी जीवसृष्टी फुलते, हेही मी पाहिले. परंतु १ किलो वाळलेल्या वनस्पतीत साधारण २ ते ३ ग्रॅम स्फुरद असतो, आणि तोही वनस्पती वेळेवर कापून बाहेर नेली तरच जलाशयातून जातो. आमच्या जमाखर्चापुढे वाफ्यांचे क्षेत्र फार तोकडे पडत होते. शैवाल उपसून काढणाऱ्या यंत्राचे उत्तर याहून सरस होते, कारण वाळलेल्या शैवालात स्फुरदाचे प्रमाण अर्ध्या ते एका टक्क्यापर्यंत असते आणि विषही पेशींसकट बाहेर जाते. अडचण अशी की उपसलेल्या लगद्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, आणि तो विषारी लगदा वाळवून कुठे न्यायचा याची तजवीज प्रस्तावात नव्हती. पाणी उचलण्याच्या ठिकाणाभोवती, भर दाटलेल्या दिवसांत, त्याचा उपयोग करता येईल असे आम्ही नोंदवले.

ओढ्याच्या मुखाशी घेतलेल्या चाचण्यांनी माझे स्वतःचे मत सर्वाधिक बदलले. तिथे दोन साधी तंत्रे होती. बाजूला ठेवलेल्या नायट्रेटच्या प्रस्तावातला, लाकडाच्या ढलप्यांनी भरलेला चर, ज्यातून पाणी सावकाश झिरपताना जिवाणू नायट्रेटचे नत्रवायूत रूपांतर करतात; आणि त्याच्या जोडीला, नऊ प्रस्तावांबाहेरची, वजनाच्या सुमारे ५ ते ८ टक्के लोखंडी कीस मिसळलेल्या वाळूची गाळणी, जिच्यात विरघळलेला स्फुरद गंजाला चिकटून राहतो. दोन्ही बिनविजेची, देखभालीला सोपी, आणि दोन्हींच्या आपल्या खोडी होत्या. चरातून पहिले काही आठवडे काढ्यासारखे तपकिरी पाणी बाहेर आले आणि त्यात सेंद्रिय द्रव्य भरपूर होते. ते पाणी सरळ जलाशयात सोडले असते तर आम्हीच प्रदूषण केले असते. प्रवाह फार मंदावला की नायट्रेट संपून सडक्या अंड्यांचा वास येऊ लागे, म्हणून आत येणाऱ्या पाण्यावर झडप बसवावी लागली. वाळूच्या गाळणीचे तर गाळाच्या नळ्यांशी थेट नाते होते. दोन पावसांच्या मधल्या काळात ती कोरडी झाली नाही, पाणी आत तुंबून प्राणवायू संपला, तर तोच गंज धरलेला स्फुरद सोडून देतो. एकदा तसे झाले. निचऱ्याचे तोंड पालापाचोळ्याने बुजले होते, ते दहा दिवस कोणाच्या लक्षात आले नाही, आणि त्या आठवड्यात गाळणीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात आत येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त स्फुरद होता. तोंड मोकळे केल्यावर आकडे पुन्हा खाली आले. निचऱ्याची तपासणी दर पावसानंतर झालीच पाहिजे, ही अट आम्ही अहवालात ठळक अक्षरांत घातली.

अहवाल लिहिताना आमच्यात एकमत सहज झाले नाही. अभियंत्यांना पेरॉक्साइडची शिफारस पहिल्या क्रमांकावर हवी होती, कारण पुढच्या उन्हाळ्यात लोकांना पाणी द्यायचे ओझे त्यांच्या खांद्यावर होते. आणि त्यांच्या म्हणण्यात खोटे काही नव्हते. माझे म्हणणे होते की ओढ्यातून येणारा स्फुरद थांबवल्याशिवाय तळावर तुरटी पसरली, तर काही वर्षांत नवा गाळ तिच्यावर बसेल आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. अमेरिकेतील वॉशिंग्टन सरोवराचे उदाहरण मी पुन्हा पुन्हा देत राहिले. तिथे १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी सरोवरात येण्यापासून वळवले गेले आणि त्यानंतर सरोवर सुधारत गेले. तीन बैठकांनंतर क्रम ठरला: आधी ओढ्यावरच्या गाळण्या आणि चर, त्यांचा पावसाळी रात्रींतला परिणाम एक वर्ष मोजल्यानंतर तळावर तुरटी, आणि तोपर्यंत पेरॉक्साइड व उपसण्याचे यंत्र आणीबाणीसाठी हाताशी. नऊपैकी एकही प्रस्ताव जसाच्या तसा स्वीकारला गेला नाही.

आमच्या मोजण्यांचे सगळे आकडे, कोऱ्या कप्प्यांचे आणि माझ्या चुकलेल्या सकाळच्या चाचण्यांचेसुद्धा, आम्ही नऊही प्रस्तावकांना पाठवले. त्यानंतर महिन्याभराने कोऱ्या कप्प्यांना हरकत घेणाऱ्या त्याच प्रतिनिधींचा मला फोन आला. त्यांनी आपल्या उपकरणाची नवी आवृत्ती दुसऱ्या एका पाण्यात लावायला घेतली होती आणि त्यांना विचारायचे होते की कोऱ्या कप्प्यांची संख्या तीन पुरेल की चार ठेवावेत. मी त्यांना चार ठेवायला सांगितले, आणि पडदे आतून घासायचा ब्रश कोणत्या प्रकारचा घ्यावा तेही.